चकचकीत डबी आणि भोकाचा शंख

फार मागे, किनाऱ्यावर माणसांपेक्षा खेकड्यांचीच पावलं जास्त उमटायची, तेव्हाची गोष्ट. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यांचा एक रिवाज होता. एकाने नवं घर घेतलं की त्याचा जुना शंख रांगेत मागे उभ्या असलेल्या लहान खेकड्याला मिळायचा.

एकदा भरतीबरोबर एक चकचकीत डबी आली. तिच्यात म्हणे आपलं तोंड दिसायचं, चंद्रसुद्धा दिसायचा. किनाऱ्यावर दुसरा विषयच उरला नाही. धोंडू खेकड्याने तीन दिवस विचार केला. त्याचा शंख तसा बरा होता, पण पाठीला एक भोक होतं. "असल्या भोकाच्या खोपटात किती दिवस वारा खायचा?" असं चारचौघांत म्हणून तो अखेर शंख सोडून निघाला. त्याच्यामागे ठकी उभी होती. तिचा शंख इतका लहान की एक पाय कायम बाहेरच राहायचा.

डबी होती सरळ आणि धोंडूचं शेपूट वाकडं. आडवं, उभं, उलटं करून पाहिलं, शेवटी सगळ्यांदेखत तो उघड्या अंगाने परत फिरला.

त्याचा शंख रिकामाच होता. ठकी बाहेर बसून ओल्या चिखलाने भोक बुजवत होती.

"तुम्ही म्हणालात ना काका, वारा लागतो. म्हटलं, आधी हे करू, मग आत जाऊ," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून बाजूला सरकली. "घ्या तुमचा. मी थांबते."

धोंडू आत शिरला. वारा कुठूनच लागत नव्हता.

ओहोटी लागली, तसे सगळे चरायला निघाले. ठकीही एक पाय बाहेर फरपटत निघाली. धोंडूला मात्र बाहेर तोंड काढवेना.