उंटाला आंघोळ घालणारा माहूत

एका राज्यात एक माहूत होता. राज्य अगदीच छोटं. म्हणजे राजा सकाळी पाय मोकळे करायला निघाला आणि जरा विचारात हरवला, की थेट शेजारच्या राज्यात पोचायचा, इतकं छोटं. अख्ख्या राज्यात हत्तीण एकच, तिचं नाव भागीरथी. माहुताचा तिच्यावर असा काही जीव होता, की त्याची बायको म्हणायची, लग्न तिच्याशीच लावायचं होतं, मी तरी सुटले असते.

भागीरथी म्हातारी झाली आणि एके दिवशी झोपेतच गेली. सगळं राज्य रडलं, राजासुद्धा रडला. माहूत मात्र रडला नाही. तो रोज उठायचा, रिकाम्या हत्तीखान्यात झाडू मारायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

राजाला त्याची काळजी वाटायला लागली. पण नवा हत्ती आणायचा तर चारा-पाणी नको का पुरायला? अलीकडे पाऊस कमी झाला होता, नदी पार बारीक झाली होती. तेवढ्यात शेजारच्या राजाने प्रेमाने एक उंट पाठवला. राजाने तो माहुताच्या हवाली केला आणि म्हणाला, बाबा रे, आता याला सांभाळ, तुलाही बरं वाटेल.

खरी गंमत आता सुरू होते. माहुताने उंटाला सांभाळलं, अगदी मनापासून सांभाळलं. पण हत्ती समजून.

उजाडलं रे उजाडलं की तो उंटाला नदीवर न्यायचा, ओढून-ढकलून पाण्यात बसवायचा आणि नारळाच्या काथ्याने खसाखसा घासायचा. उंट बिचारा कुडकुडायचा, शिंकायचा. मग त्याच्यापुढे केळीच्या बुंध्यांचा ढीग. उंट एक तुकडा तोंडात धरायचा आणि तसाच खाली टाकायचा. आणि बसण्याचं तर विचारूच नका. हत्तीवर माहूत मानेवर बसतो आणि पायाच्या अंगठ्यांनी कानामागे दाबून वाट दाखवतो. हा उंटाच्याही मानेवरच बसायला गेला. ती मान म्हणजे घसरगुंडीच की हो. सर्रकन थेट धुळीत. परत चढला, परत धुळीत. लोक कामं सोडून बघायला यायचे. कोणी म्हणायचं, माहूतदादा, मागे शेपूट आहे, ती धरून बघा. बरं, हा उंटाला हाक मारायचा तीही भागीरथी म्हणूनच.

उंट वाळत चालला. कुबड खाली बसलं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. राजा येऊन बघून गेला आणि जड मनाने म्हणाला, हे जनावर काही इथे जगायचं नाही, उद्या सीमेवर नेऊन शेजारच्या राजाच्या माणसांना परत दे. राजा रागावला नाही, म्हणून तर माहुताला जास्त लागलं. उंट गेला की सांभाळायला कुणीच उरणार नव्हतं.

घरी येऊन तो बायकोपाशी कुरकुरायला लागला. भागीरथीला नुसता अंगठा लावला तरी कळायचं, याला काही म्हणजे काही कळत नाही.

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अहो, मी हत्ती आहे, असं तो कधी म्हणाला का तुम्हाला?"

माहूत चुलीपाशी बसला. मग हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं. याच्या तऱ्हेने वागायला लागलो, तर तिची तऱ्हा विसरेन."

"तिची माया काढून याला द्या, असं कोण म्हणतंय?" बायको म्हणाली. "याची वेगळी करा थोडी. जमेल तुम्हाला. माझ्याशी नाही का जमवून घेतलंत?"

दुसऱ्या दिवशी माहूत उंटाला घेऊन सीमेकडे निघाला. वाटेत बाभळीचं बन लागलं. आणि तो पाय ओढत चालणारा उंट एकदम थांबला, मान वर केली आणि काट्यांसकट फांदी ओढून कराकरा खायला लागला. माहूत घाबरला. भागीरथीच्या पायात काटा गेला तरी त्याला जेवण जायचं नाही. त्याने दोरी ओढायला हात उचलला. पण उंट अर्धे डोळे मिटून इतक्या सुखाने खात होता, की त्याचं खाणं मध्येच तोडायचं माहुताच्या जिवावर आलं.

त्याने दोरी सोडली आणि समोरच्या दगडावर बसला. आणि पहिल्यांदाच त्याने त्या उंटाकडे नीट बघितलं. केवढ्या लांब पापण्या. ओठ किती हुशार, काट्यांमधून बरोबर पाला वेचतात. पाय तर गादीसारखे. बघता बघता माहुताला रडू कोसळलं. भागीरथीसाठी तो पोटभर रडला. उंट खात राहिला.

रडून मोकळा झाल्यावर माहूत उठला आणि उंटाला म्हणाला, "बरं बाबा, आता तूच सांग. तुझ्यावर बसायचं कसं?"

उंट काय सांगणार. पण त्याचं पोट भरलं होतं, त्यामुळे तो गुडघे मोडून निवांत खाली बसला. माहूत सवयीने मानेकडे निघाला, थबकला आणि वळून पाठीवर चढला. उंट उठताना माहुताचं नाक आपटता आपटता वाचलं. पण तो पाठीवर टिकला. सीमा समोरच दिसत होती. त्याने उंट घराकडे वळवला.

राजाने विचारलं, अरे, परत द्यायला सांगितलं होतं ना? माहूत म्हणाला, "महाराज, थोडे दिवस थांबा. मी याला आजच भेटलोय."

मग नदीवरची आंघोळ बंद झाली, बाभळीचा पाला सुरू झाला. उंट असा भरला, की राजालाही त्याच्यावर बसायची हौस आली. राजा वर चढून ऐटीत पुढे वाकून बसला.

"महाराज, मागे रेला," माहूत म्हणाला. "हा मागचे पाय आधी उचलतो."

"पण भागीरथी तर पुढचे आधी उचलायची."

"हो महाराज," माहूत उंटाची मान थोपटत म्हणाला. "ती तशीच उठायची. हा असा उठतो."

तात्पर्य एवढंच: गेलेल्यावरची माया खुशाल जपा, पण जे नवं दारात आलंय त्याला जुन्याच्या सवयी लावू नका, त्याच्या सवयी शिका.