आभाळखांबाचा दुसरा उन्हाळा

त्या राज्यात खायला मिळत होतं, प्यायला मिळत होतं, पण मान वर करून पाहावं असं काही नव्हतं. उन्हाळा आला की ओढे आटत, करवंदीच्या जाळ्या वाळून जात आणि दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय राहत नसे. मग सगळे प्राणी डोंगराच्या पोटातल्या मोठ्या गुहेत येऊन बसत. गुहेचा एक जुना रिवाज होता : आत कुणी कुणाला खायचं नाही. रिवाज पाळला जाई, पण पाळणं सोपं नव्हतं. बिबट्याच्या शेजारी भेकर बसलेलं, बाहेर आग ओतणारं ऊन आणि आत करायला काही नाही. बिबट्या भेकराकडे बघत नसे. पण बघायचं नाही हे त्याला सारखं आठवावं लागे, आणि भेकराला ते कळे.

ठकू चिचुंद्री भिंतीजवळच्या एका धोंड्याआड बसायची. तिला तिथं कुणी बसवलं नव्हतं. ती जिथं बसे तिथून बाकीचे एकेक करून उठून जात; त्यापेक्षा आपणच आधी बाजूला बसावं, हे शहाणपण ती लहानपणीच शिकली होती. चिचुंद्रीच्या अंगाला वास येतो. त्यात तिचा बिचारीचा काय दोष, असं सगळेच म्हणत, फक्त नाकावर पंजा ठेवून म्हणत. धोंड्याआड तिला सोबत होती ती निंबा नावाच्या एका म्हाताऱ्या काजव्याची. काजव्यांना नाक असतं की नाही, ठाऊक नाही. निंबाला बहुधा नव्हतं, किंवा होतं आणि तो भला होता.

एका दुपारी ठकूच्या पाठीला पळसाचं वाळकं पान चिकटलं. हात पुरेना. ती म्हणाली, "निंबाबाबा, जरा उजेड दाखवता का?"

निंबानं अंग पेटवलं, आणि समोरच्या भिंतीवर छतापर्यंत उंच एक कुणीतरी उभा राहिला. त्याच्या पाठीवर अंगरखा फडफडत होता. पान काढायला ठकूनं दोन्ही हात वर केले, आणि नेमकी त्याच वेळी छतातून थोडी माती भुरभुरली. सगळ्या गुहेनं पाहिलं : छत खाली येत होतं, आणि त्या कुणीतरी ते वरच्या वर धरलं.

बिबट्यानं श्वास रोखला. भेकरानंही रोखला. मग दोघांनी एकदमच सोडला आणि एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात भूक नव्हती.

त्या वीराचं नाव आभाळखांब पडलं. कुणी ठेवलं कुणास ठाऊक. अशी नावं ठेवावी लागत नाहीत.

धोंड्यामागं येऊन खरा प्रकार पाहणारा एकच होता, धनेशराव. मोठ्या चोचीचा हा पक्षी गुहेची सारी व्यवस्था पाही : कुणी कुठं बसायचं, पाणी कुठून यायचं, भांडण कुणी सोडवायचं. ठकूला पाहून ते आधी दचकले, मग त्यांचे डोळे भरून आले. "ठकूताई," ते म्हणाले, "उद्या पुन्हा करशील? मात्र कुणाला सांगू नकोस हं. लोक वाईट नाहीत, पण हसतील." त्यांनी स्वतः चोचीनं वाळ्याच्या मुळ्या आणल्या, विणून पडदा केला आणि धोंड्याला लावला. वाळ्याच्या सुगंधात तिचा वास बुडून गेला.

तो उन्हाळा फार चांगला गेला. रोज दुपारी आभाळ पडायचं आणि रोज आभाळखांब ते धरायचा. पिल्लं पाठीला पळसाची पानं बांधून यायला लागली. मग त्यांच्या आया बांधू लागल्या. बिबट्याच्या पाठीवरही एक पान दिसू लागलं. ते वाऱ्यानं येऊन चिकटलं असं तो म्हणे, पण वारा काही रोज गाठ मारून जात नाही. आभाळखांबानं हात वर केले की खाली बसलेलेही हात, पंख, पंजे, खूर, जे असेल ते वर करत. आधी ते थट्टेत सुरू झालं, मग रिवाजच होऊन बसला. वाळ्याच्या पडद्याआडून ठकू तो सरसर आवाज ऐके, आणि एवढ्या सगळ्यांबरोबर आपण काहीतरी करतो आहोत या विचारानं तिचं एवढंसं काळीज भरून येई.

दुसरा उन्हाळा मात्र आधीपेक्षा कडक निघाला. ओढ्याची डबकी झाली, डबक्यांचा चिखल झाला. बिबट्याच्या बरगड्या दिसू लागल्या. धनेशरावांना झोप येईना. रिवाज टिकवायचा असेल तर यंदा आभाळखांब मागच्यापेक्षा मोठा हवा, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांच्या मनात काळं काही नव्हतं. ज्याचं एखाद्या गोष्टीवर फार प्रेम असतं, तोच तिची जास्त ओढाताण करतो.

पहिल्यांदा मुंग्यांना पाठवलं. मुंग्या बिळाबिळांतून विचारून आल्या : प्रजेला मोठा वीर हवा. एकाऐवजी चार असले तरी चालतील. एक दुष्टही हवा, फक्त त्याचं बालपण दुःखात गेलेलं असावं. थोडं रडायला हवं, आणि मोरांच्या आळीची मागणी होती की नाच असावा.

कथा रचायचं काम माकडांकडे गेलं, कारण त्यांना एका फांदीवरून दुसरीवर जाणं जमतं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते उगीच नाही. प्रत्येकानं आदल्याची फांदी मोडून आपली लावली. शेवटी आभाळखांब का आला, कुठून आला, त्याच्या आजोबांनी कोणतं आभाळ धरलं होतं, हे सगळं कथेत आलं. आभाळ कधी पडतं तेवढं राहून गेलं. सगळ्यांत शेवटी एक भलंमोठं अंडं दाखवायचं ठरलं. त्यातून काय निघणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते पुढच्या उन्हाळ्यात निघेल असं सांगायचं होतं.

मग वीराचा प्रश्न आला. भिंतीवर एवढा मोठा दिसतो, तर उभा राहणाराही मोठाच हवा, यावर सभेत कुणाचंच दुमत नव्हतं. मागच्या वर्षी कोण उभं होतं हे ठाऊक असलेले धनेशरावही मान डोलावत राहिले. त्यांना वाटलं, एवढ्याशा चिचुंद्रीनं एवढं केलं, तर गवा काय करील! आणि एका काजव्यानं एवढं केलं, तर खोऱ्यातले सगळे काजवे मिळून काय करतील!

ते ठकूला सांगायला आले तेव्हा त्यांची चोच खाली होती.

"ठकूताई, तुझा मान राहील बरं का. अगदी पहिल्या रांगेत बसवतो तुला."

"पहिल्या रांगेत नको," ठकू म्हणाली. "तिथल्यांना त्रास होईल."

"मग काय हवं ते सांग."

ठकूला एकच हवं होतं : पुन्हा एकदा आभाळ धरायचं होतं. पण धनेशरावांचे जागरणानं लाल झालेले डोळे पाहून ती एवढंच म्हणाली, "निंबाबाबांना तरी घ्या."

"त्यांचा उजेड मंद झालाय गं आता," धनेशराव पुटपुटले. मागच्या उन्हाळ्यातलं ते पहिलं पान ठकूनं जपून ठेवलं होतं. ते घेऊन, निंबाला पाठीवर बसवून ती गुहेच्या पार मागच्या कपारीत राहायला गेली. तिथं वाळ्याचा पडदा नव्हता. त्या रात्री ती रडली, आणि निंबानं आपण झोपलो आहोत असं भासवलं.

तालमी सुरू झाल्या. काजव्यांचा उजेड जपून ठेवायचा म्हणून तालमी अंधारातच होत. सगळे आपापली कामं चोख करत, आणि भिंतीवर काय दिसतं ते कुणीच पाहिलं नाही.

गव्याचं नाव होतं बाजीबा. डोंगराएवढं धूड, पण स्वभावानं अगदी गरीब. एकदा तो चुपचाप कपारीपाशी आला. मागच्या वर्षी कोण होतं हे त्याला धनेशरावांनी शपथ घालून सांगितलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "आभाळ धरायचं म्हणजे नक्की करायचं काय? माकडं सांगतात, आधी आजोबांची आठवण काढ, मग डोळ्यांत पाणी आण. मला तर अंधारात भीतीच वाटते."

"खरं सांगू का, बाजीबा? पहिल्या दिवशी मी पाठीचं पान काढत होते."

बाजीबा थक्क झाला. "आणि मग?"

"मग रोज खाली सगळे बसलेले असायचे ना. हात खाली घ्यायला जीवच व्हायचा नाही."

"तूच का करत नाहीस गं?" बाजीबानं विचारलं. गवा ठकूपाशी बसला तेव्हापासून एकदाही त्यानं नाक फिरवलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं.

पहिल्या खेळाची दुपार आली. साळुंक्यांनी महिनाभर इतका गाजावाजा केला होता की गुहेत मुंगीला शिरायला वाट नव्हती; खुद्द मुंग्यांचीच पंचाईत झाली. सगळ्यांच्या पाठीवर पानं होती. पोटं मात्र खपाटीला गेली होती. बिबट्या आणि भेकर नेहमीच्या जागी शेजारी शेजारी बसले होते, आणि बिबट्या पुन्हा न बघायचं आठवू लागला होता.

मोर नाचले. दुष्टाचं बालपण झालं. मग बाजीबा पाठीवर केळीचं अख्खं पान बांधून भिंतीसमोर उभा राहिला आणि पहिला काजवा पेटला.

भिंत काळी झाली. एवढा मोठा गवा आणि एवढासा उजेड, सगळा उजेड त्याच्या अंगाआड गेला. "आणखी काजवे!" धनेशराव ओरडले. वीस काजवे पेटले, तर भिंतीवर वीस फिकट गवे एकमेकांत अडखळू लागले. "सगळे पेटा! सगळे!"

खोऱ्यातले सगळे काजवे पेटले. गुहेत लख्ख उजेड झाला. भिंत धुतल्यासारखी स्वच्छ झाली आणि तिच्यावर सावलीचा एक ठिपकाही उरला नाही. समोर घामानं निथळणारा एक गवा पुढचे पाय वर करायला धडपडत होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या उजेडात प्रत्येकाला शेजारचा दिसला, पहिल्यांदाच एवढा स्वच्छ. बिबट्याला भेकराची मान दिसली. तिच्यावरची शीर उडताना दिसली. भेकराला बिबट्याचे दात दिसले. तरसाला ससे दिसले, मुंगसाला साप दिसला. गुहाभर पाठीचे केस उभे राहिले. धनेशरावांची चोच उघडी ती उघडीच राहिली.

मागच्या कपारीतून ठकूला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. बिबट्याचे खांदे खाली झुकलेले तिनं पाहिले. आवाज केला तर सगळे वळून बघतील, आणि कोण ओरडलं ते सगळ्यांना कळेल. तरी ती ओरडली, जन्मात ओरडली नव्हती एवढ्या मोठ्यानं ओरडली :

"विझा! काजव्यांनो, सगळे विझा!"

घाबरलेले काजवे एकदम विझले. मिट्ट अंधार. अंधाराला भिणारा बाजीबा मागं सरला, धाडकन भिंतीवर आदळला आणि छतातून माती भुरभुरू लागली. यंदा ती खूपच भुरभुरली.

"निंबाबाबा," ठकू म्हणाली, "जमेल?"

"न जमायला काय झालं, पोरी? पान बांध आधी."

तिनं जुनं पान पाठीला बांधलं आणि म्हाताऱ्याच्या अगदी पुढ्यात उभी राहिली. निंबानं होता नव्हता तेवढा उजेड काढला.

दूर समोरच्या भिंतीवर, छतापर्यंत उंच, आभाळखांब उभा राहिला.

गुहेनं श्वास रोखला. ठकूनं हात वर केले.

आणि यंदा उजेड मागून येत होता. त्यामुळे आभाळखांबाच्या पायाशी भिंतीवर आणखी सावल्या पडल्या, शेकडो सावल्या, प्रत्येकीच्या पाठीवर पान. आधी दोन इवले हात वर गेले, बहुधा सशाच्या पिल्लाचे. मग शिंगांमागून खूर वर गेले. मग पंख, मग पंजे. भिंतीला टेकून थरथरणाऱ्या बाजीबानंही पुढचे दोन्ही पाय उचलले. भिंतीवर कळेना की भेकर कोणतं आणि बिबट्या कोणता. दोन पानं शेजारी शेजारी होती, आणि दोघांच्याही माथ्यावर तेच आभाळ होतं.

तेवढ्यात मागून वाऱ्याची झुळूक आली. ठकूला कळलं, ती आपल्यावरूनच पुढं गेली आहे. वाळ्याचा पडदा नव्हता. वास एकेक रांग ओलांडत चालला होता. पाठमोऱ्या माना एकेक करून ताठ होताना तिला दिसल्या. आता सगळ्यांना कळलं होतं, आभाळखांब कोण ते. तिनं डोळे मिटून घेतले, पण हात खाली घेतले नाहीत.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला होता. माती अजून भुरभुरत होती. आणि साऱ्या गुहेत नाकावर ठेवायला एकाचाही पंजा मोकळा नव्हता.