दहा पावलांच्या आत

“पण आऊ, हे दहा पावलांच्या पलीकडे जातच नाही. मग धोका कसला?”

यशोधनने तळहातावरचा माईक पुढे धरला. काडेपेटीएवढा, काळा, वर एक निळा दिवा लुकलुकणारा.

गोदाऊ शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दहा पावलांच्या आत कोण असतं रे?”

“आपलीच माणसं.”

“हं...” आऊ म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

बालाघाटच्या डोंगरातला हा मठ. मठ कसला, एक ओसरी, तिच्या मागे एक खोली, बाजूला स्वयंपाकघर. लोक इथे नवस बोलायला येत नाहीत. जे नवऱ्याला, भावाला, सख्ख्या मैत्रिणीला सांगता येत नाही ते आऊंना सांगायला येतात. खोलीत जायचं, बोलायचं, मोकळं व्हायचं, उठायचं. आऊंनी ऐकलेली गोष्ट खोलीबाहेर गेली असं आजवर घडलेलं नव्हतं. येणाऱ्याला नाव-गाव विचारायचं नाही हा तिथला जुना दंडक. ज्याने आपणहून सांगितलं त्याचंच नाव तेवढं कळे.

पण वय झालं आणि आऊंचे कान गेले. लोकांना ओरडून बोलावं लागे, आणि त्या गोष्टी ओरडून बोलायच्या नव्हत्याच. कितीतरी जण दारापर्यंत येऊन माघारी जात.

यशोधनला ते बघवेना. तो पुण्याची चांगली नोकरी सोडून मठात आलेला इंजिनिअर. नोकरी सोडली, पण आपल्याला सगळं कळतं ही समजूत काही सुटली नव्हती, ती त्याने पिशवीत घालून सोबतच आणली होती. त्याने आऊंसाठी कानातली दोन यंत्रं आणली आणि त्यांच्या जोडीला हा माईक. बोलणाऱ्याच्या पुढ्यात माईक ठेवायचा. तो कुजबुजला तरी शब्द वाऱ्यावरून थेट आऊंच्या कानात, ना वायर, ना आरडाओरडा.

पहिल्या दिवशी आऊंना चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. तेव्हापासून यशोधनची मान जी ताठ झाली ती झालीच.

“मघाशी ओसरीवर एक माणूस बसला होता,” आऊ म्हणाल्या.

“चौकड्याच्या शर्टवाला? हो की. कानात इअरबड घालून बसला होता. मला वाटलं, भजन ऐकतोय.”

“नंबर यायच्या आधीच गेला.”

“कंटाळला असेल.”

आऊंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“सगुणा आत आल्यावर तो ओसरीवर येऊन बसला. ती बोलत होती. तिची पाठ दाराकडे होती, माझं तोंड. तो मला दिसत होता. सगुणा रडली, तेव्हा त्याने चुळबुळ केली. ती गप्प झाली, तेव्हा त्याने कानावर बोट दाबलं. मग तिने गावाचं नाव घेतलं...”

“आणि?”

“आणि तो उठला.”

यशोधनने माईक उलटा करून पाहिला.

सगुणाबाईची गोष्ट त्याने ऐकली नव्हती, पण अंदाज होता. मारहाणीला कंटाळून तिची लेक दीपाली सासर सोडून पळाली होती, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. ती कुठे लपली आहे हे मात्र एका आईलाच ठाऊक होतं. मघाशी ते तिने आऊंना सांगितलं होतं. काळीज किती दिवस एकट्याने मुठीत धरून बसायचं, म्हणून.

“ओसरी या खोलीपासून किती लांब?” आऊंनी विचारलं.

सात-आठ पावलं, यशोधनने मनात मोजली. मध्ये एक भिंत. आणि यंत्राच्या बिनतारी लहरींना भिंतीचं काही वाटत नाही, हे त्याच्याइतकं चांगलं मठात कुणाला ठाऊक होतं?

“मला नीट सांग. तुझं हे यंत्र माझ्या कानाला कसं ओळखतं?”

“ते हवेत आपलं नाव पुकारत असतं, आऊ. मी इथे आहे, मी इथे आहे... असं. जवळचं दुसरं यंत्र ते ऐकतं आणि म्हणतं, मला जोडून घे. मग दोघं मिळून एक गुपित किल्ली ठरवतात. ती दोघांजवळ राहते. पुढच्या वेळी किल्ली जुळली की काही न विचारता जोडली जातात.”

“ती पहिली ओळख कुणाशीही होते?”

“नाही. त्यासाठी आकडे टाकावे लागतात. आणि ओळख करून घ्यायची वेळ संपली की पुकारणं बंद करायचं असतं, म्हणजे परक्याला ते दिसतच नाही.”

“तू बंद केलं होतंस?”

यशोधनने निळ्या दिव्यावर अंगठा ठेवला.

“यशोधन.”

“नाही, आऊ.”

“आकडे?”

“कारखान्यातून आले तेच ठेवले. चार शून्यं. ती कुणालाही ठाऊक असतात.” मग तो घाईघाईने म्हणाला, “पण मी ते मुद्दाम तसं ठेवलं! पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या कानात स्वतःची यंत्रं असतात. कुणीही यावं, कुणाचंही यंत्र जोडलं जावं. आपण इथे कुणाला नाव-गाव विचारत नाही. मग मठाच्या यंत्राने तरी का विचारावं? मला वाटलं, मी मठाचाच धर्म पाळतोय...”

हे बोलताना त्याला खरोखर तसं वाटत होतं, म्हणूनच त्याचा आवाज रडवेला झाला. आळसाने झालेली चूक माणूस चटकन कबूल करतो. अभिमानाने केलेली चूक घशाखाली उतरत नाही.

“आपण नाव का विचारत नाही?” आऊ म्हणाल्या.

“सगळ्यांना येता यावं म्हणून.”

“छे. नावच ठाऊक नसलं म्हणजे बाहेर जाऊन सांगायला आपल्यापाशी काही उरत नाही. ते येणाऱ्याच्या राखणीसाठी आहे, बाबा. तू ते चोराच्या सोयीसाठी वापरलंस.”

यशोधनने माईक मुठीत आवळला. भिंतीवर आपटून त्याचे तुकडे करावेत असं त्याला वाटलं.

“मी हे फोडून टाकतो.”

“यंत्राने काय केलं? ते तर सांगितलं तसं वागलं.” आऊ गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “सगुणा अजून स्वयंपाकघरात आहे. जेवते आहे. तिला बोलव. आणि तू सांग तिला. मी नाही.”

ती चार पावलं चालणं यशोधनला फार जड गेलं. पण तो गेला.

सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं. हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

“चौकड्याचा शर्ट? डावा पाय जरा ओढतोय?”

“हो.”

“माझ्या लेकीचा दीर हाय त्यो...” तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती एकदम यशोधनवर उलटली. “शिकलेला म्हणं! एवढा शिकून आमच्या जिवाशी खेळ केलास व्हय रं? आऊंच्या कानात बोललं म्हंजी विहिरीत दगड टाकल्यावानी, असं वाटत हुतं मला!”

यशोधनने मान खाली घातली नाही. आज ती खाली घालून चालणार नव्हतं.

“काकू, मला हवं ते बोला. पण आधी दीपालीला फोन लावा. तो अजून घाटातच असेल. आत्ता, या क्षणी लावा.”

सगुणाबाईने फोन काढला. नंबर लागेना. यशोधनने हात पुढे केला आणि मग स्वतःच मागे घेतला. तो अंगणाच्या पार टोकाला जाऊन पाठ करून उभा राहिला. तिचं एक अक्षरही आपल्या कानावर पडू नये एवढ्या लांब.

आऊ ते बघत होत्या.

आईचा फोन मिळताच दीपाली नेसत्या कपड्यांनिशी लपलेल्या घरातून निघाली. संध्याकाळी तिचा दीर चार माणसं घेऊन तिथे पोचला. घरातली भांडी त्यांनी अंगणात फेकली, तिला आसरा देणाऱ्या म्हातारीला दम दिला. मुलगी सापडली नाही. त्या म्हातारीने रात्रीच पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

इकडे यशोधनने माईकच्या सगळ्या जुन्या ओळखी पुसल्या. त्यात दोन नावं तर त्याने कधी पाहिलेलीही नव्हती. त्याने आकडे बदलले, पुकारणं बंद केलं, यंत्रातली जुनी भोकं बुजवणारी कंपनीची दुरुस्ती कितीतरी दिवसांपासून येऊन पडली होती, तीही घातली. आता माईक आऊंच्या कानांखेरीज कुणाला ओळख देणार नव्हता. फोन घेऊन तो ओसरीवर बसला, अंगणात गेला, भिंतीमागे गेला, चोर होऊन त्याने हरप्रकारे शिरायचा प्रयत्न केला. शिरता आलं नाही.

“आऊ, आता पक्कं झालं,” तो म्हणाला. पण पूर्वीसारखं छातीवर हात ठेवून नव्हे.

आऊंनी नुसती मान हलवली.

पुढे दोन-चार दिवसांनी सगुणाबाई पुन्हा आली. डोळे सुजलेले, पण पाऊल घट्ट. लेक नव्या जागी सुखरूप होती. ती जागा पुन्हा एकट्या सगुणाबाईला ठाऊक होती.

“आऊ, मला सांगू द्या,” ती दारातूनच म्हणाली. “मला रस्त्यात काय झालं तर लेकराचा पत्ता कुणाला? कुणाच्या तरी कानावर पाहिजे. आन मला दुसरं हाय कोण?”

यशोधनने दार लावून घेतलं. माईक सगुणाबाईच्या पुढ्यात ठेवला आणि बाहेर जायला वळला.

आऊंनी त्याचं मनगट धरलं.

“बस.”

“मी?”

“बस म्हटलं ना.”

तो भिंतीशी बसला. आऊंनी उजव्या कानातलं यंत्र काढलं. मग डाव्या कानातलं. दोन्ही त्याच्या हातावर ठेवली. माईक उचलून तोही त्याच्याच हातात दिला.

“आऊ! अहो, आता तुम्हाला कसं...”

आऊंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले. सगुणाबाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, “बोल, बाई.”

सगुणाबाई घोटाळली. तिने एकदा आऊंच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा यशोधनकडे. ज्याच्या चुकीमुळे तिच्या लेकीच्या जिवावर बेतलं होतं तोच हा पोरगा, आणि आज या खोलीत ऐकू येणारे कान फक्त त्याचेच होते.

तिने पदर सावरला, आऊंचा हात घट्ट धरला.

मग ती बोलली. गावाचं नाव. घर कुणाचं, ते. दारावर थाप कशी मारायची, ते. सगळं हळू आवाजात, एकेक शब्द यशोधनकडे बघून. कान बंद करून घ्यावेत असं त्याला वाटलं, पण त्याने ते केलं नाही. शेवटचा शब्द झाला तेव्हा सगुणाबाईने पदराने तोंड पुसलं, आऊंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती गेली. जाताना तिचे खांदे सैल झालेले होते.

आऊंनी डोळे उघडले.

यशोधनने यंत्रं त्यांच्यापुढे धरली. आऊंनी ती घेतली नाहीत.

“काय म्हणाली रे?” त्यांनी विचारलं.

यशोधनचे ओठ हलले. गुरू विचारत होती. जिच्यासाठी तो घरदार सोडून आला, जिच्या एका शब्दासाठी तो डोंगर उतरून पुन्हा चढला असता, ती विचारत होती. आणि सगुणाबाई तर आऊंनाच सांगायला आली होती...

“ऐकलंस ना? मग सांग मला. कुठं आहे पोरगी?”

त्याने यंत्रं आपल्या मांडीवर ठेवली.

“यशोधन! गुरूला सांगणार नाहीस?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याने नजर हलवली नाही. आपलं आपल्यालाही जेमतेम ऐकू यावं एवढ्या आवाजात तो म्हणाला,

“नाही, आऊ.”

आऊ हसल्या.

“हे मला स्वच्छ ऐकू आलं.”