विट्याची दोरी

घाटमाथ्यावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध वस्ताद राहत असत. त्यांच्या आखाड्यात विटा शिकवला जाई. विटा म्हणजे फेकीचा भाला. त्याच्या दांड्याला दोरी असते आणि दोरीचे दुसरे टोक फेकणाऱ्याच्या मनगटाला. भाला फेकावा, दोरी ओढावी आणि तो पुन्हा हाती घ्यावा, अशी ही विद्या. ऐकायला सोपी वाटते. करून पाहणाऱ्यांचे खांदे वेगळे सांगतील.

वस्तादांचा शिष्य सुभानजी दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर राखणीला घाट उतरणार होता. घाटात लुटारू होते. पण त्याला धास्ती होती ती निराळीच. त्याचा थोरला भाऊ रखमाजी मागे अशाच राखणीला गेला आणि चकमकीतून विट्याविना परतला. त्या गावात शस्त्र गमावून येणे म्हणजे तोंड काळे करून येणे. वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले. रखमाजीने खुलासा केला नाही आणि कुणी मागितलाही नाही. नाव ठेवायला गावाला खुलासा लागतोच कुठे?

निघायच्या आदल्या सकाळी सुभानजीला भाकरी गोड लागेना. हात सारखा मनगटाकडे जाई. वस्तादांनी पाहिले, तर शिकवलेली सुरगाठ सोडून त्याने दोरीला निरगाठ मारली होती, वर पाणी लावून ती घट्ट आवळली होती.

"हे काय रे?" वस्तादांनी विचारले.

"सुटू नये म्हणून, वस्ताद."

"आणि सोडायची वेळ आली तर?"

"ती वेळ मी येऊ देणार नाही. आमच्या घरात एक रखमाजी पुरे झाला."

वस्तादांनी आपली घोडी आणली, खोगिराला लांब दोर बांधून मागे शेवरीचा एक मऊ ओंडका जोडला आणि म्हणाले, "मार." स्वतः मात्र कोयता घेऊन शिष्याच्या शेजारी उभे राहिले. कोयता कशाला, हे सुभानजीला कळेना. पण विचारायचा धीर झाला नाही.

त्याने विटा फेकला. पाते ओंडक्यात खोल रुतले. त्याच क्षणी वस्तादांनी घोडीला हाकारले आणि ती उधळली. दोरी ताणली गेली, सुभानजी तोंडावर आपटला आणि दगडधोंड्यांतून फरफटू लागला. डाव्या हाताने तो गाठ ओरबाडत होता, गाठ हलेना. वस्तादांनी धावत जाऊन कोयत्याच्या एका घावात दोरी तोडली.

सुभानजी कसाबसा उठला. मनगट सोलून निघाले होते. तरी तो घोडी गेली त्या दिशेने पाहत म्हणाला, "वस्ताद, माझा विटा गेला."

"विटा घोडीमागे आहे, संध्याकाळपर्यंत येईल," वस्ताद शांतपणे म्हणाले. "तुझा हात गेला असता तर तो कुठून आणला असता? बाळ, दोरी असते ती विट्याने तुझ्याकडे यावे म्हणून. तोच तुला ओढू लागला, की तो तुझे शस्त्र उरत नाही. म्हणून सुरगाठ. तुझ्या भावाचा विटा एका लुटारूच्या उधळलेल्या घोड्याच्या खोगिरात रुतला होता आणि घोडा कड्याकडे निघाला होता. त्याने गाठ सोडली आणि रिकाम्या हातांनी तांडा राखला. त्या तांड्याच्या व्यापाऱ्याने हे मला स्वतः सांगितले. मी तुझ्या वडिलांना सांगायला गेलो, तर ते न ऐकताच उठून आत गेले."

सुभानजीला स्वतःची फार लाज वाटली. भावाशी आपणही कधी नीट बोललो नाही, हे त्याला आठवले.

सायंकाळी तो विटा आणि नवी दोरी घेऊन घरी आला. रखमाजी अंगणात बैलांपुढे वैरण टाकत होता. सुभानजीने मनगट पुढे केले.

"दादा, सुरगाठ तूच मारून दे. मला अजून नीट येत नाही."

रखमाजीने त्या सोललेल्या मनगटाकडे पाहिले, मग धाकट्याच्या तोंडाकडे. त्याने गाठ मारली, एकदा ओढून सहज सुटते ना ते पाहिले, आणि पुन्हा मारली.

वडील ओसरीवर बसून हे पाहत होते. या वेळी ते उठून आत गेले नाहीत.