थापा पिणारा रांजण

सांगा पाहू, विश्वास कुणावर ठेवावा? बाजारात दोघं जण तेल विकतायत. पहिला ओरडतो, "आज लावा, उद्या केस गुडघ्यापर्यंत!" आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काही केल्या काढत नाही. दुसरा म्हणतो, "थोडा गुण येईल हो, पण रोज चोळावं लागेल." कुणाकडनं घ्याल? दुसऱ्याकडनं? शहाणी माझी पोरं! आम्ही मोठी माणसं मात्र टोपीवाल्यासमोर रांग लावतो. तर असल्याच एका गावाची ही गोष्ट. सरका जवळ. आणि तू त्याचं पांघरूण ओढू नकोस.

एक होतं रंगाऱ्यांचं राज्य. तिथला राजासुद्धा रंगारीच. हरबाजी त्याचं नाव. डोक्यावर मुकुट आणि हात कोपरापर्यंत निळे! राजवाड्यामागच्या अंगणात निळीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. नीळ म्हणजे जिवंत माल, बरं का. तिला ऊब लागते, गूळ लागतो, चुना लागतो. आणि कधीकधी रांजण रुसतो. मग कापड बुडवा नाहीतर बुडवू नका, रंग म्हणून धरत नाही.

रांजण रुसला की काय करायचं, याची तिथं एक रीत होती. रंगाऱ्यानं चौकात जायचं आणि गंभीर चेहऱ्यानं एक भलीथोरली थाप मारायची. "ऐकलंत का? तेल्याची म्हैस विहिरीत पडली, आणि माशांना दूध पाजून वर आली!" थाप जितकी लांब पोचेल तितका रांजण लवकर सुधारतो, असा सगळ्यांचा पक्का समज. हसू नका. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत ती!

या राजाला एकच मुलगी, कुसुंबी. आई नव्हती तिला. राजाच्या थोरल्या बहिणीनं, ठकूआत्यानं वाढवलेली. पोरगी अशी बडबडी, की पोपट तिच्यापुढे गप्प बसायचे.

एकदा काय झालं, ही कुसुंबी सकाळी उठलीच नाही. झोपलेली नव्हती हं. डोळे टक्क उघडे, पण उठावंसंच वाटेना. घास तोंडात मातीसारखा लागायला लागला, सगळे रंग फिके दिसायला लागले. कुणी रागावलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं. राजानं विचारलं, "बाळ, काय होतंय तुला?"

"काही नाही, बाबा. मी बरी आहे," असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

आत्यानं पांघरूण सरकवलं, तो काय! पायांची बोटं राखाडी! चुलीतल्या राखेसारखी!

मग वैद्यबुवा आले. नाडी धरून बराच वेळ बसले. म्हणाले, "महाराज, याची पुडी माझ्या बटव्यात नाही. असती तर लपवली नसती. पण हा राखाडी रंग डोळ्यांपर्यंत चढला ना, तर पोर कुणाला ओळखायची नाही. तुम्हालासुद्धा."

आता डॉक्टरांकडे अशा दुखण्याची औषधं असतात, बरं का. कुणाला लागतात. लागली तर घ्यावीत, त्यात लाज कसली? पण त्या राज्यात ती नव्हती. मग करायचं काय?

राजाच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. निदान त्याला तसं वाटलं. "अहो, हिचं मन रुसलंय! रांजण रुसतो तसंच! चला चौकात!"

मग राजा चौकात उभा राहून गरजला, "आमची कुसुंबी काल गच्चीवर नाचली! अशी नाचली, अशी नाचली, की चांदण्या टपाटप खाली पडल्या!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आणि इकडे खोलीत? धप्प! आढ्यातून एक काळीकभिन्न, ओलीचिंब घोंगडी पडली, ती थेट कुसुंबीच्या अंगावर. ओढून निघेना, कापून कापेना. राखाडी रंग गुडघ्यांपर्यंत चढला.

ठकूआत्या म्हणाली, "हरबा, तुझी थाप कच्ची. लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. मी बघते." मग ती चौकात गेली. "कुसुंबीनं टोपलीभर पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि वर टोपलीही खाल्ली!" धप्प! दुसरी घोंगडी! रंग छातीपर्यंत!

गावकरी म्हणाले, "आता आम्ही सगळे मिळून मारतो. नगारा काढा! अशी थाप मारू, की सात गावांना ऐकू जाईल!" कुणी म्हणे, ती वाघावर बसली असं सांगू. कुणी म्हणे, नुसता वाघ कशाला, उडणारा वाघ!

राजाला मात्र धीर धरवेना. तो धावत मागच्या अंगणात गेला आणि थोरल्या रांजणापाशी बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मग रांजणात बुडबुडे आले. बुड, बुड, बुड. आणि रांजण चक्क बोलला!

"हरबा, थांबव तो नगारा. थापेनं मी कधीच सुधारलो नाही."

राजा दचकून मागे पडला. "मग इतकी वर्षं?"

"थापा मी चवीनं पितो. करमणूक होते माझी. पण थाप मारून परत आलास, की तू काय करतोस?"

"काय करणार? गुळाचा खडा टाकतो. ऊब राहील असं बघतो. हलक्या हातानं ढवळतो. रोज येतो, बसतो तुझ्यापाशी."

"शिव्या देतोस?"

"छे! रुसलेल्या रांजणाला कुणी शिव्या देतं का?"

"अरे गाढवा, त्यानं सुधारतो मी! आणि नाव होतं तुमच्या थापेचं! माणसाला थाप पचत नाही रे. ती ओझं होऊन बसते. ज्यानं मारली त्यानंच ती परत घ्यायची. पळ!"

राजा पळाला! मुकुट पडला, जोडा निसटला, तरी थांबला नाही. नगाऱ्यावर टिपरी पडणार तेवढ्यात ओरडला, "थांबा!" आणि जिना चढून खोलीत शिरला. राखाडी रंग कुसुंबीच्या हनुवटीपर्यंत आला होता. राजानं खिडकी उघडली आणि सगळ्या गावाच्या देखत सांगितलं, "माझी पोर नाचली नाही. ती आजारी आहे. मला फार भीती वाटतेय."

तर काय! राजाच्या थापेच्या घोंगडीला चार पाय फुटले, शिंगं फुटली. बेंऽऽ करत मेंढी झाली आणि जिन्यावरून पळाली! मग आत्या डोळे पुसत म्हणाली, "पोरीनं एक घाससुद्धा खाल्ला नाही हो." बेंऽऽ! दुसरी मेंढी गेली! पण खाली बघतात तर अजून एक घोंगडी! सगळ्यांत जड, अंगाला चिकटलेली. रंग ओठांना लागला.

राजा खिडकीतून ओरडला, "ही कुणाची? खरं सांगा, रागावणार नाही!"

"देवाशपथ, सरकार, आम्ही तोंडसुद्धा उघडलं नाही! टिपरी हातातच आहे!"

मग कुसुंबीचे राखाडी ओठ हलले. "बाबा, ती माझी आहे. मी बरी आहे म्हणाले ना, त्याची. मी बरी नाही. काहीच नकोसं झालंय. का, ते मलाही कळत नाही."

राजाच्या जिभेवर आलं होतं, असं बोलू नये, बाळ. पण त्यानं ते गिळलं. म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस. मी इथंच बसलोय."

आणि घोंगडीचा एक दांडगा मेंढा झाला! त्यानं मारली टक्कर आणि गेला की हो खिडकीच्या चौकटीसकट! टाळ्या नका वाजवू, पलीकडे बाळ निजलंय.

राखाडी रंग सरसर उतरला, पण गुडघ्यापाशी थांबला. लगेच सगळं बरं झालं असं नाही, बरं का. मग राजानं रांजणासारखंच केलं. पहिल्यांदा गुळाचा एक खडा, तोही जमेल तेवढाच. मग आत्याचा हात धरून उन्हात चार पावलं. मग रांजणापाशी बसून हलकंसं ढवळणं. कधी रंग खाली जाई, कधी परत वर येई. त्या दिवशी कुणी रागावत नसे, नुसतं शेजारी बसत.

एके सकाळी कुसुंबीनं कापड बुडवून बाहेर काढलं. हिरवट, पिवळट. निळीचं असंच असतं. मग त्याला वारा लागला, आणि बघता बघता कडेपासून निळं, निळं, निळंभोर! कुसुंबी केवढ्यांदा ओरडली, "आत्या! अगं, धाव! रंग बघ!"

तिला रंग दिसला होता. आत्यानं हातातलं पीठ तसंच टाकलं आणि भाचीला मिठी मारली. दोघी कणकेनं पांढऱ्या आणि निळीनं निळ्या!

पुढेही कधीतरी कुसुंबीची बोटं राखाडी होत, पण ती लगेच सांगायची. त्या राज्यात रांजणांसाठी थापा अजून मारतात, माणसासाठी मात्र कुणी मारत नाही. सगळे सुखात राहिले. मेंढ्यासुद्धा.

चला, मिटा डोळे. आणि माझं एवढं ऐका. दिवस कसा गेला असं घरात कुणी विचारलं, तर चांगल्याला चांगला म्हणा आणि वाईटाला वाईट. मनाचा हिशोब, बाळांनो, खरा ठेवा.