कातळाईची बिनदिव्याची पंगत

पानं वाढून झाली होती आणि कुणीच हात घालत नव्हतं. मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या बाया सड्यावरच्या कातळाई देवीच्या देवळापुढे, कातळावर दोन ओळींत समोरासमोर बसल्या होत्या. केळीच्या पानावर मऊ भात, गरम वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. अंधार उतरत होता, तरी दिवा कुणी लावला नव्हता. मी पर्समधून टॉर्च काढला, तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. माझ्या तोंडून किंकाळीच निघायची राहिली.

हैबतीतात्या होते, देवळाचे गुरव. "उजेड नको, बाय," म्हणाले. "ह्या पंगतीत दिवा चालत नाही." आणि त्यांनी मला पायरीवर बसवून घेतलं.

पूर्वी चालायचा, तात्या सांगू लागले. चालायचा काय, त्याच्यावरच सगळं होतं. प्रत्येकीच्या पानाशी एक पणती, तिच्यात मोजकं तेल. कातळाईचा उपास सोडायचा तो पणती विझायच्या आत, आणि पान पुरतं रिकामं करून. शीत उरलं तर नवस फुकट. त्यामुळे बाया गिळत सुटायच्या. एका साली एक बाई पानावरच आडवी झाली. लोकांनी घाईघाईनं तिच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलं, आणि ती उठली नाही. तिचं व्रत आधीच बाटलं होतं, देवीनं नेलं, असा निवाडा गावानं दिला. पण शेजारच्या पानावर सगुणा नावाची बाई बसली होती. तिनं पाहिलं होतं, ते पाणी ओतेपर्यंत बाईचा श्वास चालू होता.

पुढल्या साली सगुणेची धाकटी जाऊ येसू उपासाला बसली. तिचं तान्हं तापानं फणफणत होतं, त्याच्यासाठी नवस. भर उन्हात देवीला घालायचं पाणी तिनं खालच्या विहिरीवरून डोक्यावर वाहिलं.

"बाळाचं काय झालं मग?" मला राहवेना.

"बाळ वाचलं. आता आईचं ऐका," तात्या म्हणाले.

पणत्या लागल्या. येसूनं पहिला वडा तोंडात घातला, दुसरा घातला, पहिला अजून गिळला नव्हता. समोर बसलेल्या सगुणेला दिसलं, जावेचं लक्ष पानावर नाही, वातीवर आहे. कपाळावर घाम, ओठ पांढरे. हळू खा, असं ती पुटपुटली म्हणे. ओळीच्या टोकाला सासू बसली होती, तिनं तिथूनच टोमणा मारला, की थोरलीला धाकटीच्या लेकराचं चांगलं बघवत नाही. येसूनं तिसरा घास कोंबला. वात फडफडू लागली होती.

मग सगुणा उठली, पान ओलांडून गेली, खाली वाकली आणि तिनं जावेची पणती फुंकली.

असं तोवर कुणी केलं नव्हतं. सगुणा म्हणाली, "दिवा माझ्या फुंकेनं गेला. पाप माझ्या माथी. आता हिला घाई नाही."

ते ऐकताऐकताच येसू कलंडली. सगुणेनं तिला कुशीवर वळवलं, तोंडातला घास बोटानं काढला, गालाखाली आपला हात दिला. सासू तांब्या घेऊन धावली. सगुणेनं तांब्या हिसकून कातळावर उपडा केला. घरून पदराखाली झाकून आणलेली कोमट पातळ पेज तिच्याजवळ होती, करवंटीत, मीठ घातलेली. पण तीसुद्धा तिनं तोंडाला लावली नाही. ओ देत नाही त्याला घोट द्यायचा नाही, एवढंच म्हणाली. आणि हाका मारत राहिली. येसू गे. येसू. एकेक पणती विझत गेली. भरल्या पानावरून कुणी उठलं नाही, कुणी खाल्लंही नाही.

आजही पंगत अशीच, दिव्याशिवाय बसते. समोरची बाई नावानं हाक मारते. ओ आली की पेज, तीही बसून, घोटाघोटानं. मग इकडच्यातिकडच्या गोष्टी. मग मऊ भात चार घास. वडे आणि तिखट सगळ्यात शेवटी, तेही पोटाला मानवतील तेवढेच. पानावर टाकलं म्हणून कुणी बोलत नाही.

त्या रात्री सगुणेच्या हातातली पेज मात्र निवत चालली होती म्हणे. सासूसुद्धा आता शेजारी येऊन बसली होती, सुनेचे तळवे चोळत. सगुणेचा आवाज बसला. तिनं पुन्हा हाक मारली, आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. तशी सासूनं हाक मारली. आणि सगुणेच्या तळहातावरचा गाल हलला.

"ओ," येसू म्हणाली.