अर्धी नोंद

"पण तिलाच का, आप्पा?"

आप्पा सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

वल्लभच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. गावच्या प्रसूतिगृहाच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचं काम आप्पांनी कावेरीला दिलं. कावेरीला! कालची पोर ती. वर्षानुवर्षं आप्पांच्या पडवीत बसून डेटाबेस शिकला वल्लभ, आणि मान मात्र हिचा. मागून आली नि पुढे गेली!

"माझा प्रोग्रॅम तिच्यापेक्षा जलद चालतो, आप्पा."

"चालव."

कावेरीला बोलावून दोघांचे कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. आधी आईची नोंद, मग तिला जोडून बाळाची, एवढंच काम. दोन्ही नोंदींच्या मध्ये प्रोग्रॅम जरा थांबवायचा, असं आप्पांनी दोघांनाही बजावलं होतं.

बटणं दाबली. आईची नोंद झाली...

आप्पा उठले आणि त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

"अहो, आप्पा!"

वीज परत आली, कॉम्प्युटर परत सुरू झाले. कावेरीच्या पडद्यावर आई नाही की बाळ नाही. कोरी पाटी.

वल्लभला काय गार वाटलं म्हणता! उन्हातून येऊन ताक प्यावं तसं.

"बघा! हिनं सगळंच घालवलं. माझ्याकडे आई तरी राहिली."

"मी दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्यात," कावेरी हळूच म्हणाली. "दोन्ही झाल्या तरच पक्क्या. एक अडली तर दुसरीही मागे."

"भित्रेपणा नुसता," वल्लभ फणकारला.

आप्पा त्याच्या पडद्याशी वाकले.

"यमुना... बरं. हिचं बाळ कुठंय?"

"ते... लिहायचं राहिलं."

"उद्या नर्स हे वाचेल. तिला काय वाटेल?"

वल्लभनं पडदा पुन्हा वाचला. बाळंत झालेली बाई, आणि बाळाची जागा रिकामी. बाळ गेलं, असंच वाटेल तिला.

"चुकलो, आप्पा."

वल्लभ मुकाट्यानं बसला आणि त्यानं दोन्ही नोंदी एकत्र बांधल्या. कावेरीनं एक चूक दाखवली, तीही दात-ओठ खात सुधारली. पुन्हा वीज घालवून पाहिली. आई नाही, बाळ नाही. मग वीज न घालवता चालवलं. आई आली, बाळही आलं.

"जमलं!"

आप्पांनी मान डोलावली.

आता मात्र वल्लभला राहवेना. "मग आप्पा... तिला काढा ना आता. काम मला द्या."

आप्पा उठले. भिंतीपाशी गेले. खट्.

पडदे काळे झाले.

"अहो, असं काय करता! आलं होतं ना मला?"

"अर्धं आलं. हेवा तसाच राहिला," आप्पा म्हणाले. "पुसून टाक. पहिल्यापासून शीक."